ओहोटीची रेघ

वास्कोच्या कचेरीत माझ्याकडे हिरवा रंग आहे.
नकाशात जमीन पिवळसर, पाणी निळं,
आणि जी जागा सहा तास जमीन, सहा तास समुद्र,
ती हिरवी.
सगळी भांडणं हिरव्यात.

गेलं वर्षभर टेबलावर एक खडक आहे.
कुठल्या दोन देशांमधला, ते सांगायची मुभा नाही.
दोन ट्रक एकामागे एक उभे केले तर संपेल एवढा.
त्याच्यासाठी चौदा हजार पानं,
दोन्ही बाजूंचे वकील,
आणि हेगहून आलेला अगदी साधा प्रश्न:
भरतीला तो पाण्याबाहेर राहतो का?

राहिला, तर भोवतीचा बारा मैल समुद्र त्याचा.
बुडाला, तर त्याची फक्त कालवं.
आणि राहिला तरी पुढचं कलम दार अडवून उभं:
त्यावर माणूस वस्ती करू शकेल काय?
त्याला स्वतःचं आर्थिक जीवन आहे काय?

इथे माझं पेन थांबतं
आणि मला द्वारकीआत्या दिसते,
बेतूलला, किल्ल्याच्या पायथ्याशी, अवसेच्या ओहोटीला,
कासोटा मारून,
कोयतीच्या टोकानं शिनाणे खरवडून काढताना.
दुपारी असोळण्याच्या बाजारात वाटे लावायची.
गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की म्हणायची,
"तू वच, खडपार बस, मागीर सांग."
दोन मुली शिकवल्या तिनं त्या खडपावर.
भरतीला ते दिसतसुद्धा नाही.
जोडपत्रात तिच्यासाठी रकाना नाही.
मी शोधला.

बाबांची हद्द कुठल्याच कागदावर नव्हती.
साळ नदीच्या अलीकडे आम्ही पागी,
पलीकडे मोबोरचा कायतान,
आणि समोर दोघांचं एकच तारल्यांचं पाणी.
होडीतून मागे वळून बघायचं:
डोंगरावरचा पांढरा खुरीस
वाकड्या माडाच्या आड गेला
की तिथून पुढचं मोबोरचं.
कोणी ठरवलं, कधी, विचारायची पद्धत नव्हती.

मग एका वादळात माड पडला.
सकाळी कायतान काठावर येऊन उभा,
"खंय गेलो रे आमचो माड?"
आमचो म्हणाला. तेवढंच बरं बोलला.
नंतर दोन हंगाम जाळ्यांवर जाळी पडली,
वल्ह्याचा एक फटका, त्याच्या कपाळाला सात टाके,
कुंकळ्ळीच्या ठाण्यात बाबा रात्रभर बाकावर.
हवालदार वैतागून म्हणाला,
समुद्रात पंचनामा कुठे करू?

तिसऱ्या वर्षी त्याच खड्ड्यात
दोघांनी मिळून रोपा लावला.
तो वाढेपर्यंत बांबू,
बांबूला आत्याच्या लुगड्याची लाल चिंधी.
एवढाच तह.
साक्षीला एक कुत्रा आणि मी, नऊ वर्षांची.

रोपा सरळ वाढला.
जुना माड वाकडा होता, हे कोणी बोललं नाही.
शेंडा हातभर इकडचा तिकडे झाला
की पाण्यात, तिकडे दूर, त्याचे कैक वाव होतात,
हे मला पुढे त्रिकोणमितीत कळलं.

आता हेगचा नकाशा पुरा होत आलाय.
दोन किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरची रेषा,
बिंदू ते बिंदू,
अक्षांश सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत.
पन्नास हजाराला एक या मापात
माझी सर्वांत बारीक रेघ पाच मीटर जाड पडते.
त्या पाच मीटरांत कोणाचे मासे,
असं विचारलं तेव्हा साहेब हसले,
म्हणाले, गुरुवारी पाठवायचंय.

खडकाभोवती मी हिरवा भरला.
लवाद काय ते बघेल.

घरी गेले की माड दिसतो, नारळ धरलेला.
कायतान गेला, त्याचा मुलगा ट्रॉलरवर,
बाबा पडवीत तुटकं जाळं विणत बसतात,
कोणासाठी, देव जाणे.
नव्या माडानं फायदा आमचा झाला की मोबोरचा,
अर्ध्या तासात काढता येईल.
यंत्र माझ्या पिशवीतच असतं.

अजून काढलं नाही.